हरबा मॉनिटर आणतो

एका गावात एक भोळा शिंपी राहायचा. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावातले लोक म्हणतात, तो शेजारच्या गावचा. शेजारच्या गावातले म्हणतात, छे, तुमचाच. शिंप्याचं नाव मात्र दोन्ही गावांना पाठ आहे. हरबा.

हरबाला एकच खोड होती. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही.

माझी पोरं सांगितलेलं ऐकत नाहीत, याची मला फार काळजी वाटते. हरबाची गोष्ट आठवली की ती तेवढ्यापुरती कमी होते.

तर हरबाचा हात असा, की जे बघेल ते तो पायमशिनवर कापडावर उतरवायचा. वेल बघितला की वेल. मोर बघितला की मोर. पण बघायला मिळालं पाहिजे. मनातनं त्याला साधं पानसुद्धा भरता यायचं नाही. म्हणून त्याची बायको मालन कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, आणि हरबा पडद्याकडं बघत बघत ती भरायचा.

एकदा पडद्यावर माशी बसली. हरबानं माशीही भरली. सहा पायांसकट.

शाळेत मी 'मक्षिकास्थाने मक्षिका' हा वाक्प्रचार पाठ केला होता आणि त्याचे गुणही मिळवले होते. पण तो कुणी दोऱ्यानं करत असेल असं मला वाटलं नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणालं, "मधमाशी झकास आलीय हो!" तेव्हापासून मालन काम सुरू करण्याआधी पडदा पुसायला लागली.

कॉम्प्युटर मालनच्या भावाचा होता. जुना. इतका जुना, की तो सुरू होईपर्यंत मालनचा चहा पिऊन कपबशा धुऊन व्हायच्या. पण नक्षी काढायचा प्रोग्रॅम त्याच्यातच होता, आणि तो दुसऱ्या कशात चालत नव्हता. त्यामुळं म्हातारा असला तरी घरात त्याला मान होता.

अशात थोरव्यांच्या घरी बाळ झालं. बाळाची पमाआत्या शहरातून आली ती सरळ मालनकडं.

"मालन, सगळा बाळंतविडा तुझ्याकडून. झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची. कुंचीवर बाळाचं नाव. आणि नाव इंग्रजीत पाहिजे."

"इंग्रजीत कशाला आत्याबाई?"

"मराठीत काय, कुणीही वाचतं!"

मग पमाआत्यानं इकडंतिकडं बघून मालनच्या कानात नाव सांगितलं.

"मी पाळण्यापाशी कुर्र करेन तेव्हाच ते लोकांना कळायचं. तोवर कुंची कुणाला दाखवायची नाही. कुणाच्या नजरेला पडली तर मग मी कसली आत्या?"

मालननं मान डोलावली. पमाआत्याच्या ओळखी पार घाटाखालपर्यंत. तिला काम पसंत पडलं, तर पंचक्रोशीतले बाळंतविडे मालनच्या दारात येणार. नाही पडलं, तर ती शहरातून तयार आणणार, आणि तिचं बघून बाकीच्याही तसंच करणार. मग हरबानं आयुष्यभर शाळेच्या चड्ड्यांना ठिगळं लावायची.

मालननं पदर खोचला. पडदा पुसला. कॉम्प्युटर सुरू केला. मॉनिटर म्हणाला, "टप्प."

थोडा धूर आला. मग काळोख.

खालचा डबा घरघरत होता. म्हणजे म्हातारा जिवंत होता, फक्त त्याचं तोंड गेलं होतं.

मालनला झबली शिवायची होती. म्हणून तिनं हरबाला तालुक्याला पाठवायचं ठरवलं. तिथं बागवानभाईंचं जुन्या कॉम्प्युटरचं दुकान होतं.

"हे बघा," मालन म्हणाली, "नवा आपल्याला परवडायचा नाही. जुनाच बघा, स्वस्तातला. हा आपला बरोबर न्या. त्यांना दाखवा. आणि डिट्टो असाच आणा. जरासुद्धा फरक नको."

"डिट्टो," हरबा म्हणाला. "लक्षात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं.

बागवानभाईंनी मॉनिटर बघितला. आत जाऊन तसलाच एक आणला. तेवढाच मोठा, तसलाच पिवळट, पाठीला तसलंच कुबड. वायर लावली. पडदा उजळला.

"घ्या. नशीबवान आहात."

हरबानं मान हलवली. "हा नको."

"का?"

"आमचा असा उजळत नाही."

"अहो, तुमचा बंद पडलाय!"

"तेच म्हणतो. फरक नको म्हणालीय."

बागवानभाईंनी हरबाकडं बघितलं. मग मॉनिटरकडं बघितलं. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

हरबा बाजारभर हिंडला. शेवटी वेशीबाहेरच्या भंगारवाल्याकडं त्याला हवा तसा मिळाला. तेवढाच मोठा. तसलाच पिवळट. आणि अजिबात उजळत नव्हता. भंगारवाल्यानं तो फुकट दिला, वर चहा पाजला, आणि आणखी पाहिजेत का असं विचारलं.

मालननं तो लावला. काळोख.

"अहो, हापण गेलेला आहे!"

"डिट्टो," हरबा म्हणाला. त्याला अभिमान वाटत होता.

मालननं तो उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला. "चालू असलेला आणायचा हो! चालू! बंद असलेला उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. समजलं?"

आतून हरबाची आई बाहेर आली. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण घरात काय आणावं आणि कसं आणावं हे कळत होतं.

"मी म्हणते, नवं काही घरात घेताना दारात भाकरतुकडा ओवाळून टाकावा. पायावर पाणी घालावं. रीत सोडली की असलं मेलेलं येतं घरात."

"चुकलंच माझं," हरबा म्हणाला. "पुढच्या वेळी लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी हरबा परत बागवानभाईंच्या दुकानात. कालचा चालू मॉनिटर अजून तिथंच होता. हरबानं पैसे दिले. बागवानभाईंनी वायर उपटली आणि मॉनिटर उचलला.

"अहो, बंद केलात!"

"मग?"

"चालू पाहिजे. बंद असलेला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत आमच्यात."

"घरी जाऊन चालू करा ना!"

"घरी जायचं म्हणजे उंबरा लागणार."

बागवानभाई म्हणाले, "मग माझी भिंत पण घेऊन जा. बटणासकट."

हरबा विचारात पडला. भिंत मोठी होती. इतक्यात बाहेर ढोल वाजला. बँडवाले कुठली तरी वरात पोचवून चालले होते. पुढं दिव्यांची गाडी, मागं धडधडणारा जनरेटर. हरबा धावला.

"मास्तर, तुमच्याकडं चालू वीज आहे का?"

"आहे की."

"आमच्या गावापर्यंत चालू राहील?"

"पैसे चालू राहिले तर वीज चालू राहील," मास्तर म्हणाले.

अशा रीतीनं मॉनिटर निघाला. दिव्यांच्या गाडीवर, मधोमध, उजळलेला. निळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी अक्षरं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळत होती. हरबाला ती फार गोंडस वाटली. बँडवाल्यांना गप्प चालायची सवय नव्हती. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वाटेत पोरं जमली. पोरं नाचायला लागली. गावात शिरेपर्यंत वरातीला शंभर माणूस होतं, आणि कुणाला कशाची वरात ते माहीत नव्हतं.

"कोण आलं?"

"हरबा शिंपी."

"बँड लावून?"

"दुसरी केली का काय?"

हे मालनच्या कानावर गेलं. तिच्या हातातली सुई बोटात गेली. ती दारात आली. समोर बँड, बँडपुढं नवरा, आणि गाडीवर निळा मॉनिटर. तिला एकदम हायसं वाटलं. मग जनरेटरकडं लक्ष गेलं आणि ते हायसं गेलं. मॉनिटरपेक्षा वरात महाग पडली होती.

पण चालू होता! हे तर खरं. मालन पुढं झाली. "आणा आत."

"थांब," हरबा म्हणाला. "रीत आहे."

त्यानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग तांब्या घेतला. मॉनिटरचे पाय शोधले. खाली एक गोल बैठक होती. हरबानं तिच्यावर पाणी घातलं. भरपूर. कारण नव्या माणसाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये.

"फट्ट!"

निळं विझलं. बँड थांबला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा शेवटचा फटाका.

शेजारच्या आळीतला वायरमन गर्दीत होता. तो उडी मारून पुढं आला. हरबा ओल्या हातानं मॉनिटर पुसायला निघाला होता. वायरमननं त्याचा हात धरला, आधी वायर उपटली, आणि मग त्याला गदागदा हलवलं.

"मरशील बाबा! कशाला हात लावायचा असला, तर आधी वायर काढायची! आधी वायर, मग हात. ध्यानात ठेव, जन्मभर!"

"आधी वायर, मग हात," हरबा म्हणाला. "जन्मभर ठेवतो."

मला विचाराल तर वायरमनचं काही चुकलं नाही. मीसुद्धा मुलांना रोज हेच सांगते. म्हणून तर पुढचं सांगताना माझी छाती धडधडते.

बारसं तोंडावर आलं. झबली झाली, टोपडी झाली, दुपट्यांना काठ लागले. कुंची तेवढी कोरी होती. हाताशी पैसे थोडे उरले होते. मालननं ते रुमालात बांधून हरबाच्या खिशात घातले.

"आता नीट ऐका. भाव करायचा. ते जे काय सांगतील, त्याच्या निम्मं म्हणायचं. सांगतील त्याला लगेच हो म्हणायचं नाही."

"सांगतील त्याच्या निम्मं. लक्षात ठेवतो."

बागवानभाईंनी त्याला लांबूनच बघितलं. क्षणभर शटर ओढावं असं त्यांच्या मनात आलं. पण ते भले गृहस्थ होते.

"हा बघा. एकोणीस इंची."

"साडेनऊ," हरबा म्हणाला.

"अहो, माप सांगतोय. किंमत नंतर."

"साडेनऊ."

"बरं, किंमत आधी सांगतो." त्यांनी सांगितली. हरबानं निम्मी केली. बागवानभाई म्हणाले, "ठीक आहे, न्या. तुमच्या वरातीत पोळलायत तुम्ही. वर सहा महिन्यांची गॅरंटी."

"तीन महिने."

"कमी करून मागताय?"

"लगेच हो म्हणायचं नाही."

"बरं, तीन. दोन वायरी फुकट."

"एक."

"चहा घेता?"

"अर्धा," हरबा म्हणाला.

बागवानभाईंनी अर्धा चहा सांगितला, आणि उरलेला अर्धा स्वतः घेतला, कारण त्यांना गरज होती. मग ते आत गेले. साडेनऊ इंची मॉनिटर दुनियेत शोधून सापडेना. शेवटी त्यांनी टेम्पोच्या मागचं दाखवणारा एक चिमुकला पडदा आणून दिला.

मालननं तो तळहातावर घेतला. एवढ्यावर नाव काढलं तर मुंगीएवढं येणार. आणि हरबा भरताना मुंगीएवढंच भरणार. वर त्याची वायर जुन्या डब्यात बसेनाच. तिथं पाहिजे होतं दातेरी, रुंद तोंड. ह्याचं होतं गोल.

मालन रडली नाही. तिनं मॉनिटरची जुनी, दातेरी तोंडाची वायर काढली, आणि हार घालावा तशी हरबाच्या गळ्यात घातली.

"ही नमुन्याला न्या. हिचं तोंड जिथं बसेल, तोच घ्या. माझ्या दोन हातांएवढा तरी पाहिजे. चालू आहे का तिथंच बघा, मग बंद करून आणा. कोरडा आणा. भाव करू नका. आणि ही वायर गावात दुसऱ्या कुणाकडं नाही. डब्यातनं निघाली की तुमच्या गळ्यात पाहिजे. हरवाल तर बघा!"

"डब्यातनं निघाली की गळ्यात," हरबा म्हणाला. "लक्षात ठेवतो."

एस.टी.त शेजारी बसलेल्या म्हातारीनं त्याच्या गळ्याकडं बघितलं. वायरीचं तोंड छातीवर लोंबत होतं.

"डागदर आहात का बाबा?"

"नाही. तोंड बसतंय का बघायला चाललोय."

"मला दम लागतो हो. बघा की जरा."

हरबानं वायरीचं तोंड म्हातारीच्या पाठीला लावून बघितलं. फिरवून बघितलं.

"नाही बसत," तो म्हणाला.

"तालुक्याच्या डागदरालापण नाही कळलं," म्हातारी म्हणाली, आणि तिनं त्याला दोन बोरं दिली.

दुकानात वायरीचं तोंड एका चपट्या, जुन्या मॉनिटरला खटकन बसलं. कुठल्या तरी बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेतला होता. एका कोपऱ्यात जरा पिवळा. पण दोन हातांएवढा, चालू, कोरडा. बागवानभाईंनी चिमुकला पडदा परत घेतला आणि स्वतःच भाव पाडला. हरबा निघाल्यावर त्यांनी दुकानात उदबत्ती लावली.

मालननं वायर जोडली. कॉम्प्युटर सुरू केला. चहा झाला. कपबशा धुऊन झाल्या.

पडदा उजळला.

मालननं देवाला साखर ठेवली. हरबाच्या आईनं मॉनिटरवरून लिंबू उतरलं, पण लांबूनच. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही. मालननं नवऱ्याकडं बघितलं. घामेजलेला, धुळीनं माखलेला, खिशात दोन बोरं. तिला वाटलं, आपण या माणसाला उगीच बोलतो.

मला हा भाग फार आवडतो. मी इथं मुलांना पाणी पिऊन यायला सांगते.

मालननं मग पडद्यावर कुंचीसाठी नक्षी काढली. मधोमध इंग्रजीत नाव, भोवती कळ्यांचा वेल. दुसऱ्या दिवशी बारसं. तिला झबली-टोपडी घेऊन थोरव्यांकडं जायचं होतं, पमाआत्याला बोटानं एकेक शिवण तपासायची होती. निघताना ती म्हणाली,

"पडद्यावर दिसेल ते भरा. जसंच्या तसं. आपली अक्कल चालवायची नाही. झालं की गाठोडं बांधा. आणि कुणाला दाखवायचं नाही."

"लक्षात ठेवतो."

मालन गेली. हरबा मशिनीवर बसला. कुंचीचं कापड रिंगमध्ये ताणलं. सुई ओवली. आता हात लावणार, तोच त्याला वायरमन आठवला.

आधी वायर, मग हात.

हरबा उठला. त्याला एकच वायर नीट माहीत होती. दातेरी तोंडाची. ती त्यानं डब्यातनं आणि मॉनिटरमधनं अलगद काढली. निघाली म्हटल्यावर गळ्यात घातली. मग हात धुऊन, पुसून, मशिनीवर बसला. आज त्याचं काहीच चुकत नव्हतं.

पडद्यावरचा वेल गेला. कळ्या गेल्या. निळं झालं. आणि त्या निळ्यावर एका चौकटीत इंग्रजी अक्षरं आली. हरबानं ती लगेच ओळखली. वरातीत पळत होती, तीच!

"बाळाचं नाव हेच होय!" हरबा म्हणाला. "ते तर आम्हाला कधीचं माहीत आहे."

त्यानं पाय मारला. पांढऱ्या दोऱ्यानं, डावीकडं वर, जिथं दिसत होतं तिथं. भरून होतंय तोवर अक्षरं उजवीकडं गेली. हरबानं उजवीकडंही भरली. ती खाली उतरली. हरबाही उतरला. मग मध्ये. मग परत वर. पांढरा संपला तर गुलाबी लावला, गुलाबी संपला तर पोपटी. चपळ नाव होतं. पण हरबाही काही कमी नव्हता. चौकटीसकट भरत होता, बारीक टाक्यानं, एक धागा इकडचा तिकडं नाही. अख्खी कुंची भरली, तेव्हा कुठं तो थांबला. मग त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि गाठोडं बांधलं.

मालन आली तेव्हा तो गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. गळ्यात उपरणं होतं. उपरण्याखाली काय होतं ते तिला दिसलं नाही.

"झाली? बघू, कशी दिसतेय."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"कुणाला दाखवायचं नाही."

"अहो, कुणाला म्हणजे दुसऱ्यांना! मी तुमची बायको आहे!"

"कुणाला म्हणजे कुणाला," हरबा म्हणाला. "आपली अक्कल चालवायची नाही."

मालननं गाठोड्याला हात घातला, तर हरबा ते घेऊन आढ्याखालच्या माळ्यावर जाऊन बसला, आणि सकाळी बारशाला निघेपर्यंत खाली उतरला नाही.

थोरव्यांचं अंगण भरलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांची पातेली, पुढं बायका, मागं पुरुष, पाळण्याशी बाळंतीण. पमाआत्या नऊवारीत. हरबानं गाठोडं तिच्या हातात दिलं. पमाआत्यानं बाळाला उचललं, सगळ्यांकडं एकवार बघितलं, आणि झटक्यात कुंची उलगडून वर धरली.

काम देखणं होतं. बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघालंसुद्धा. मग नजरा अक्षरांवर गेल्या.

त्या गावात इंग्रजी फार जणांना येत नाही. पण आभाळ भरून आलं की घरोघरच्या टीव्हीवर हेच दोन शब्द येतात. हरबाच्या घरी टीव्ही नव्हता, एवढंच.

"नो सिग्नल," एक शाळकरी मुलगी मोठ्यानं वाचायला लागली. "नो सिग्नल. नो सिग्नल. आई, इथं गुलाबी नो सिग्नल!"

मागच्या बाजूनं हसू फुटलं. ते पुढं पुढं येत गेलं. मालननं डोळे मिटले.

पमाआत्याचा चेहरा लाल झाला. "हरबा! नाव कुठाय नाव?"

"सगळीकडं आहे की," हरबा म्हणाला. "जरा पळत होतं. पण एकही सुटू दिलं नाही."

"सगळ्या गावासमोर माझं हसं केलंत! मालन, आजपासून तुझ्याकडं टोपड्याची नाडीसुद्धा देणार नाही मी. शहरातून आणेन!"

मालननं पदर तोंडाला लावला. हरबानं बायकोकडं बघितलं. काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं. काय, ते कळलं नाही. त्यानं हळूच त्या मुलीला विचारलं,

"बाळ, नो सिग्नल म्हणजे काय गं?"

"म्हणजे वायर निघालीय, काका."

हरबा दचकला. एवढ्या लोकांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! तो पाळण्याखाली वाकला. तिथं काही नव्हतं. त्यानं पाळण्याच्या दोऱ्या चाचपल्या. त्या नीट होत्या. मग तो पमाआत्याच्या हातातल्या बाळाजवळ गेला. पाठीकडनं बघितलं. दोन बोटांनी अलगद दुपटं बाजूला केलं. पोट बघितलं.

आणि त्याला सापडलं.

"आहे खरं," हरबा गंभीरपणे म्हणाला. "निघालीय. ही बघा, इथनं."

सगळ्यांनी बाळाच्या बेंबीकडं बघितलं.

"अगं बाई," बाळंतीण म्हणाली, "कालच पडली हो नाळ!"

आणि ती हसायला लागली. अशी हसली की तिला पाळण्याचा आधार घ्यावा लागला. मग बायका हसल्या, पुरुष हसले, आचारी हसला. पमाआत्यानं राग धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण तो तिच्या नाकातून निसटला, आणि तिनं ती कुंचीच डोळे पुसायला घेतली.

"राहू दे आत्याबाई, हीच राहू दे कुंची!" बाळंतीण म्हणाली. "असली कुणाच्या पोराला नसेल!"

"घाल बाई, घाल," पमाआत्या धापा टाकत म्हणाली. "मालन, पुढच्या महिन्यात माझ्या जावेकडं बारसं आहे. तुलाच देते काम. पण नाव भरताना तू याच्या शेजारी बसायचं!"

मालन रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. अंगणात न हसणारा एकटा हरबा होता. एवढं लहान लेकरू, वायर निघालेली, आणि लोकांना हसू सुचतंय!

त्यानं उपरणं बाजूला केलं. गळ्यातली वायर काढली. तिचं दातेरी तोंड सदऱ्याला स्वच्छ पुसलं. फुंकर मारली. आणि बाळाच्या आईजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला,

"ताई, काळजी करू नका. आणलीय मी. लावून देऊ?"